पोट न उघडता पोटात

डिसेंबर १८०९. अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात जेन टॉड क्रॉफर्ड नावाची पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांची बाई घोड्यावरून साठ मैलांची वाट तुडवत डॅनव्हिल गावी पोचली. पोट इतकं वाढलं होतं, की गावच्या वैद्यांनी दिवस उलटून गेलेली गरोदर म्हणून तिच्याकडे पाहिलं होतं. इफ्राइम मॅकडॉवेल या डॉक्टरने तपासून सांगितलं, की मूल नाही, बीजकोशाची गाठ आहे. अशी गाठ काढायला पोट उघडलेला माणूस आजवर वाचल्याचं आपल्याला ठाऊक नाही, हेही त्याने लपवलं नाही. तरी ती तयार झाली. २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, मॅकडॉवेलने आपल्या घरातच तिचं पोट उघडलं. भूल नावाची गोष्ट जगात यायला अजून सदतीस वर्षं होती. बाई स्तोत्रं म्हणत राहिली. पंचवीस मिनिटांत सुमारे दहा किलोंची गाठ बाहेर आली. पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेला, तर ही बाई उठून स्वतःचं अंथरूण आवरत होती. पंचवीस दिवसांनी ती घोड्यावर बसून घरी गेली आणि पुढे बत्तीस वर्षं जगली.

स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास इथून सुरू करायची पद्धत आहे. मला मात्र त्याच दशकातल्या आणखी दोन घटना तेवढ्याच महत्त्वाच्या वाटतात, कारण पोटातल्या आजारापर्यंत पोचायच्या तिन्ही वाटा याच दहा वर्षांत निघाल्या. समोरून पोट फाडायची वाट मॅकडॉवेलची. दुसरी खालून, योनिमार्गे जाणारी. १८१३ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये कॉनराड लांगेनबेकने त्या वाटेने एका बाईची कर्करोग झालेली गर्भपिशवी काढली. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवेना. मदतीला आलेला सहकारी संधिवाताने खिळलेला होता, ऐन गरजेच्या वेळी त्याला खुर्चीतून उठता आलं नाही आणि दोन आठवड्यांनी तो मरूनही गेला. काढलेली पिशवी हरवली. ज्या बाईवर शस्त्रक्रिया झाली तिला धड काही आठवेना, त्यामुळे साक्ष द्यायला कोणी उरलं नाही. सव्वीस वर्षांनी ती वारली, शवविच्छेदन झालं आणि गर्भपिशवी खरोखरच जागेवर नसल्याचं दिसलं. तोवर लांगेनबेकला फेकाड्या म्हणून झालं होतं.

तिसरी वाट फ्रँकफुर्टच्या फिलिप बोत्सिनीची. मेणबत्ती, आरसा आणि निमुळत्या नळ्या यांचं एक उपकरण त्याने केलं आणि १८०६च्या सुमारास व्हिएन्नाच्या पंडितांपुढे ठेवलं. शरीराच्या नैसर्गिक छिद्रांतून आत उजेड सोडायचा आणि डोळ्याने पाहायचं, एवढीच कल्पना. पंडितांनी नाक मुरडलं. बोत्सिनी तिशीतच साथीच्या तापाने गेला. त्या मेणबत्तीचा वंश चालू राहिला खरा, पण तिच्यापासून आजच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनपर्यंत यायला पावणेदोनशे वर्षं लागली. हा उशीर तंत्राचा कमी आणि माणसांचा जास्त होता, असं हा सगळा पसारा वाचताना वाटत राहतं.

१८६९ साली पँटालिओनी या डॉक्टरने एका साठीच्या बाईच्या गर्भाशयात नळी घालून पाहिलं. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असूनही तिला रक्तस्राव होत होता. आत त्याला एक मांसल कोंब दिसला आणि त्याने तो सिल्व्हर नायट्रेटने जाळला. आज ज्याला हिस्टेरोस्कोपी म्हणतात, तिची ही पहिली नोंद. लक्षणही तेच, ज्यासाठी आजचा कुठलाही जबाबदार डॉक्टर आधी आत पाहायला सांगेल: पाळी थांबल्यानंतर अंगावरून लाल जाणं. गर्भाशयाला निसर्गानेच दार दिलेलं आहे, त्यामुळे तिथे शिरायला छेद लागत नाही. ओटीपोटाचं तसं नाही. तिथे दार आपल्याला पाडावं लागतं आणि आत पाहायला जागाही आपल्यालाच करावी लागते.

ती जागा हवेने करता येते, हे गेओर्ग केलिंगने दाखवलं. सप्टेंबर १९०१मध्ये हांबुर्गच्या वैज्ञानिक परिषदेत त्याने एका कुत्र्याच्या पोटात कापसातून गाळलेली हवा भरली आणि मूत्राशय तपासायची नळी आत घालून आतडी, यकृत सगळं पाहिलं. खरं तर त्याला पोटातला रक्तस्राव हवेच्या दाबाने थांबवता येतो का, हे पाहायचं होतं. त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री ओट कपाळावर आरसा बांधून योनीमागच्या छोट्या छेदातून बायकांच्या ओटीपोटात डोकावत होता. १९१०मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउसने माणसांच्या पोटावर आणि छातीवर हा प्रयोग केला. पुढे हंगेरीच्या यानोश वेरेशने १९३०च्या दशकात एक स्प्रिंगची सुई केली. टोकदार सुई आत शिरली, की बोथट टोक आपोआप पुढे येऊन आतल्या अवयवांचं रक्षण करतं. त्याने ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी केली होती. क्षयावर औषधं आली, तो उपचार मागे पडला. सुई मात्र आजही दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या ट्रेमध्ये वेरेशच्याच नावाने पडलेली असते.

इथपर्यंतची मंडळी बहुतेक पोटविकारवाले. स्त्रीरोगात ही गोष्ट आणली ती पॅरिसच्या राउल पाल्मेरने, आणि वेळ निवडली दुसऱ्या महायुद्धाची. १९४३-४४चं पॅरिस, शहर जर्मनांच्या ताब्यात. पाल्मेरला वंध्यत्वाच्या रुग्णांच्या गर्भनलिका पाहायच्या होत्या आणि त्यासाठी प्रत्येकीचं पोट फाडणं त्याला मंजूर नव्हतं. पत्नी एलिझाबेत मदतीला असे. टेबलाचं डोकं खाली आणि पाय वर केले, की आतडी छातीकडे घसरतात आणि ओटीपोट मोकळं होतं, ही युक्ती त्याने पक्की केली. आणखी एक गोष्ट त्याने केली, जी मला जास्त मोलाची वाटते: पोटातल्या वायूचा दाब मोजला आणि तो पंचवीस मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी मर्यादा घातली. तोवरचे लोक अंदाजपंचे पोट फुगवत. दाब फार वाढला, तर भूल दिलेल्या बाईच्या हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, फुप्फुसं दबतात. आजच्या यंत्रावर साधारण बारा ते पंधराचा आकडा दिसतो. आकडा बदलला, मोजायची शिस्त पाल्मेरची.

फ्रेंच न वाचणाऱ्या जगाला हे फार उशिरा कळलं. इंग्लंडमध्ये ते नेलं पॅट्रिक स्टेप्टोने. लंडनमध्ये मनासारखी जागा न मिळालेला हा डॉक्टर ओल्डम या कापडगिरण्यांच्या गावी सरकारी इस्पितळात कामाला लागला होता. पोट उघडून आत काहीच न सापडल्याचा अनुभव त्या काळी नित्याचा. बाई ओटीपोट दुखतं म्हणायची, डॉक्टर चार-पाच इंचांचा छेद घेऊन पाहायचे, सगळं ठीक दिसलं की शिवून टाकायचे. स्टेप्टो पॅरिसला जाऊन पाल्मेरकडून शिकला, जर्मनीतल्या फ्रांगेनहाइम या डॉक्टरचं काम पाहिलं आणि १९६७मध्ये त्याने इंग्रजीत या विषयावर पुस्तक लिहिलं. एव्हाना प्रकाशाची अडचण सुटली होती. पूर्वी दिवा नळीच्या टोकावर म्हणजे थेट पोटात असे, तो तापे आणि भाजण्याची धास्ती राही. आता दिवा बाहेर ठेवून काचतंतूंतून नुसता उजेड आत सोडता येऊ लागला. हॅरल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने नळीतली भिंगांची रचनाच उलटी केली. हवेत बसवलेल्या छोट्या भिंगांऐवजी काचेचे लांब दांडे वापरले आणि चित्र कितीतरी उजळ झालं. ब्रिटिश उत्पादकांनी रस दाखवला नाही, जर्मनीच्या कार्ल श्टोर्त्सने ती कल्पना उचलली.

केंब्रिजच्या रॉबर्ट एडवर्ड्सला १९६८मध्ये स्टेप्टोच्या कामाचा सुगावा लागला. त्याला प्रयोगशाळेत फलनासाठी बायकांच्या बीजकोशातून पिकलेलं बीज हवं होतं आणि ते पोट न फाडता काढून देणारा माणूस ओल्डममध्ये बसला होता. दहा वर्षांनी, २५ जुलै १९७८च्या रात्री, लुईज ब्राउन जन्मली. या जन्माची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण ते बीज बेंबीजवळच्या दुर्बिणीतून काढलं होतं, हा तपशील सहसा सुटतो. आणि कोलकात्याच्या सुभाष मुखोपाध्यायांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जे मूल जन्माला आणलं, त्यासाठीचं बीज त्यांनी दुर्बिणीने नव्हे, योनिमार्गे काढलं होतं. लांगेनबेकची वाट. आज जगभर बीज त्याच वाटेने, सोनोग्राफी पाहत, सुईने काढतात. मुखोपाध्यायांवरही त्यांच्या हयातीत कोणी विश्वास ठेवला नाही, हाही योगायोग म्हणायचा.

आता कील. जर्मनीच्या उत्तर टोकाचं हे बंदराचं शहर. १९७०मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या स्त्री-रुग्णालयाचा प्रमुख म्हणून कुर्ट झेम आला. १९२७ साली म्युनिचमध्ये जन्मलेला हा माणूस वैद्यकाकडे वळण्याआधी हत्यारं घडवण्याचं काम शिकला होता. डॉक्टरांमध्ये हा प्रकार विरळा. बाकीचे सर्जन उपकरणांच्या यादीतून निवड करतात, झेमला हवं ते उपकरण यादीत नसलं की तो ते घडवी. वायू आपोआप मोजून सोडणारं, दाब वाढला की थांबणारं यंत्र त्याने म्युनिचमध्ये असतानाच तयार केलं होतं. कीलमध्ये रक्तवाहिनीभोवती आवळायचा फास, पोटाच्या आत गाठ मारायची पद्धत, उतीला विजेऐवजी नुसत्या उष्णतेने शेकून रक्त थांबवणारा चिमटा, मोठी गाठ आतच तुकडे करून काढायचं साधन आणि शिकाऊ डॉक्टरांना हात बसवायला एक पेटी अशी भरच पडत गेली. फासाची गाठ त्याने मुलांच्या टॉन्सिलच्या एका जुन्या ऑपरेशनावरून उचलली होती.

तोवर दुर्बीण बघण्यासाठी होती. फार तर नसबंदीसाठी नळी जाळायची, एखादं चिकटलेलं सोडवायचं. झेम म्हणू लागला, की बीजकोशाची गाठ, नळीतला गर्भ, गर्भाशयावरच्या गाठी हे सगळं याच छिद्रांतून करता येईल. कीलमधल्या सहकाऱ्यांनी त्याला आधी मेंदूची तपासणी करून घ्यायला लावली, असं त्याच्या आयुष्याविषयी लिहिणारे सांगतात. ज्याचं डोकं ठिकाणावर आहे तो असं काही करणार नाही, असा त्यांचा तर्क होता. झेमने तपासणी करून घेतली. मेंदू शाबूत निघाला.

विरोध करणारे सगळे मूर्ख होते, असं मात्र समजू नये. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बायकांची नसबंदी दुर्बिणीने धडाक्याने सुरू झाली होती. छोट्या पट्टीखाली झाकून जाणारं ऑपरेशन म्हणून तिचं कौतुक होई. विजेच्या चिमट्याने नळी जाळताना ठिणगी शेजारच्या आतड्यावर जाई, बाई घरी जाई आणि चार-पाच दिवसांनी पोटात विष पसरून परत येई. काही मेल्याही. यातूनच विजेऐवजी प्लास्टिकच्या क्लिपा आणि इन बे यून या डॉक्टरने १९७४मध्ये आणलेली रबरी कडी आली. दोन टोकांतच वीज खेळवणारे सुरक्षित चिमटेही आले. डोळ्याला नळीच्या टोकाएवढंच दिसतं आणि नजरेबाहेर जे घडतं तेच मारतं, हे सर्जनांचं म्हणणं खरं होतं. झेमचा विजेवर राग होता तो यामुळेच.

सप्टेंबर १९८०मध्ये झेमने दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. हे स्त्रीरोगतज्ज्ञाचं काम नव्हे, आणि खरी ठिणगी इथे पडली. त्याने व्याख्यान दिलं, तेव्हा जर्मन सर्जनांच्या संघटनेच्या अध्यक्षाने त्याचा व्यवसायाचा परवाना रोखण्याची मागणी केली. अमेरिकेच्या एका नामांकित नियतकालिकाने त्याचा निबंध अनैतिक म्हणून परत धाडला. अखेर तो १९८३मध्ये दुसरीकडे छापून आला. झेमचं काम पाहून ब्योब्लिंगेनच्या एरिख म्युहेने १९८५मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्यालाही आपल्याच बिरादरीकडून शिव्या खाव्या लागल्या. मग १९८७मध्ये लियॉनच्या फिलिप मूरेने एका बाईचं स्त्रीरोगाचं ऑपरेशन दुर्बिणीने चालू असताना त्याच छिद्रांतून तिचं पित्ताशयही काढलं. त्याचं ऑपरेशन थिएटर एका स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर वाटून घेतलेलं होतं, म्हणून त्याच्या हाताला ही सवय होती. पुढच्या चार-पाच वर्षांत जगातल्या सर्जनांनी ज्या वेगाने घूमजाव केलं, त्याला तोड नाही. आपल्याकडे १९९०मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमतन उडवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. बायकांच्या डॉक्टरांचा खुळा नाद म्हणून ज्याची थट्टा झाली, त्याच्यावर आज पुरुषांच्या हर्नियापर्यंत सगळी शस्त्रक्रिया उभी आहे.

गर्भपिशवी दुर्बिणीने पहिल्यांदा निघाली ती जानेवारी १९८८मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या किंग्स्टन गावी, हॅरी राइश या डॉक्टरच्या हातून. आणि इथून पुढे या इतिहासाला एक वेगळंच वळण लागतं.

तोवरच्या बहुतेक शस्त्रक्रियांना तातडीचं किंवा निदान ठसठशीत कारण असे. नळीत राहिलेला गर्भ घ्या. नळी फुटली की पोटात रक्त साठतं आणि बाई तासांत जाते. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या लॉसन टेटने पोट उघडून फुटलेली नळी बांधायचं धाडस करेपर्यंत डॉक्टर बहुधा हताशपणे पाहत बसत. दुर्बिणीमुळे नळी फुटण्याआधीच निदान होऊ लागलं, आणि क्लेर्मो-फेराँच्या मोरीस ब्रुआ आणि सहकाऱ्यांनी तर नळी चिरून गर्भ बाहेर काढून नळी वाचवायची पद्धत १९८०मध्ये मांडली. किंवा एंडोमेट्रिओसिस, ज्यातल्या बीजकोशाच्या गाठीला आपल्याकडे बायकाही सरळ चॉकलेट सिस्ट म्हणतात. पाळीत लोळवणारं दुखणं, आणि घरचे आणि दारचे दोघेही सांगणार, की सगळ्यांनाच दुखतं, जरा सहन कर. सोनोग्राफीत कित्येकदा काही दिसत नाही. दुर्बिणीने ओटीपोटाच्या आतल्या आवरणावरचे काळेनिळे ठिपके पडद्यावर दाखवले, तेव्हा अनेकींना पहिल्यांदा खरं मानलं गेलं. या दोन आजारांसाठी तरी झेमची सगळी भांडणं वसूल झाली, असं मी म्हणेन.

गर्भपिशवीचं तसं नाही. पाळीत फार जाणं, आतल्या गाठी, अंग बाहेर येणं, कर्करोग अशी कारणं खरीच, पण त्यांतल्या बऱ्याचशा दुखण्यांना पिशवी काढण्याच्या अलीकडे चार उपाय आहेत. गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी आहे. पोकळीत डोकावणारी गाठ असेल तर ती हिस्टेरोस्कोपने खालूनच खरवडून काढता येते. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट न्यूवर्थने हे १९७६च्या सुमाराला दाखवून दिलं. काही त्रास न देणाऱ्या गाठीला हातही लावायचा नसतो, आणि तरुण वयातली बीजकोशाची साधी पाणगाठ दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. आणि पिशवी काढायचीच ठरली, तर शक्य असेल तिथे सगळ्यात कमी त्रासाची वाट कोणती? नव्वदनंतरचे तौलनिक अभ्यास एकामागून एक तेच सांगत आले: योनिमार्गे काढणं. ना पोटावर छिद्र, ना वायू, ना महागडा कॅमेरा. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ आयुष्यभर हेच सांगत आणि शिकवत राहिले. पण या वाटेला ना पडदा लागतो, ना कंपनीचा प्रतिनिधी. परिषदांमध्ये गर्दी पडद्यासमोर होते.

भारतातल्या खेड्यापाड्यांत दुर्बीण मुळात उपचार म्हणून आलीच नाही. ती आली नसबंदीसाठी. आणीबाणीत १९७६-७७च्या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मोहोर उमटली नाही म्हणून ते राहिलं. सरकार पडलं, आणि पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायची पुढाऱ्यांची हिंमत उरली नाही. त्यानंतर भार बायकांवर गेला आणि नेमकी त्याच सुमाराला अमेरिकी मदतीने दुर्बीण हाताशी आली. टाक्याच्या ऑपरेशनला आठवडाभर दवाखान्यात राहावं लागे, दुर्बिणीच्या ऑपरेशनला दुपारी शिबिरात आणि संध्याकाळी घरी. मुंबईचे डॉ. पी. व्ही. मेहता यांनी १९८९मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात आपल्या एकट्याच्या हातून झालेल्या २,५०,१३६ नसबंद्यांचा अहवाल दिला. दुर्बीण हातात धरलेल्या जगातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असा आकडा असेल, असं वाटत नाही. यातलं कौशल्य नाकारता येणार नाही. पण पाल्मेरने दाब मोजायला लावला, झेमने तो मोजणारं यंत्र केलं, आणि २०१४मध्ये ओडिशातल्या शिबिरात बायकांची पोटं सायकलच्या पंपाने फुगवल्याचं उघडकीला आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ काही तासांत ८३ बायकांच्या नसबंद्या उरकल्या गेल्या आणि त्या शिबिरांतल्या डझनाहून अधिक बायका दगावल्या. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

२०१४ हे अमेरिकेतही वाईट वर्ष ठरलं. मोठी गाठ छोट्या छिद्रातून बाहेर काढायची, तर तिचे तुकडे करायला हवेत. झेमचं हाताने फिरवायचं साधन नव्वदच्या दशकात विजेवर चालू लागलं. फिरत्या पात्याने गाठीचा कीस होई आणि कण पोटात उडत. साध्या वाटलेल्या गाठीत कर्करोग लपलेला असला, तर तोही सगळीकडे पेरला जाई. एप्रिलमध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की गाठीसाठी ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांत एकीला असा न दिसलेला कर्करोग असू शकतो. हा आकडा जास्तीचा आहे, असं अनेक तज्ज्ञ म्हणाले. वाद बाजूला ठेवला, तरी एका मोठ्या कंपनीने आपलं यंत्र बाजारातून परत घेतलं आणि पिशवीत घालून तुकडे करण्याची खबरदारी रूढ झाली.

पुण्यापुरतं बोलायचं, तर २०१७-१८ ही वर्षं अभिमानाची होती. गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने मे २०१७मध्ये देशातलं पहिलं गर्भाशय-प्रत्यारोपण केलं. आईच्या पोटातून गर्भाशय दुर्बिणीने सोडवलं आणि ते मुलीला बसवलं. ऑक्टोबर २०१८मध्ये पुण्यातच प्रत्यारोपित गर्भाशयातून बाळ जन्मलं. याच चमूची दुर्बिणीने गर्भाशयमुखाचा कर्करोग काढायची पद्धत २००७पासून पुणे पद्धत म्हणून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहे. आणि बाळाच्या जन्मानंतर पंधरवडाही झाला नसेल, तोच त्या कर्करोगाविषयी एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष छापून आले. ६३१ बायका, सुरुवातीच्या टप्प्यातला गर्भाशयमुखाचा कर्करोग. अर्ध्यांचं पोट उघडून ऑपरेशन, अर्ध्यांचं दुर्बिणीने किंवा रोबोटने. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ९६.५ टक्के, दुसऱ्यात ८६. चाचणी मध्येच थांबवावी लागली. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात मात्र अशाच मोठ्या चाचणीत दुर्बीण आणि मोठा छेद बरोबरीने उतरले होते. दोन्ही आजार एकाच अवयवाचे, अंतर बोटभराचं, आणि निकाल उलटे. असं का, यावर वाद अजून चालू आहे. जगभरच्या कित्येक कर्करोग-सर्जनांनी त्या आजारापुरती दुर्बीण बाजूला ठेवली आणि पुन्हा मोठा छेद घ्यायला सुरुवात केली. तीस वर्षं छेद लहान करण्यात घालवल्यानंतर असं मागे फिरायला धैर्य लागतं आणि ते त्यांनी दाखवलं, हे नोंदवायला हवं.

वर्ष उलटायच्या आत बीडची बातमी आली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं २०१९च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येक तिशी-पस्तिशीच्या. तक्रारी बहुधा अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं, पाळीचा त्रास. पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा आठवड्याभराच्या गोळ्या पुरतात. पण फडावर ना पाणी, ना आडोसा, सकाळी अंधारात कामाला लागायचं, आणि एक दिवस खाडा झाला की कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, दंड भरायचा. पाळीच नको, असं बाईला वाटलं तर तिला काय म्हणायचं? आणि पिशवी राहिली तर कॅन्सर होईल, असं तिला पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलं, तर ती कुणाला विचारायला जाणार? मोठा छेद की छोटं छिद्र, हा प्रश्नच इथे नव्हता. दुर्बिणीवाल्या दवाखान्याची पाटी मात्र आता तालुक्याच्या रस्त्यांवरही दिसते, आणि लवकर कामावर जाता येईल हे तिचं सगळ्यात मोठं आकर्षण असतं.

गर्भपिशवी लवकर काढलेल्या बाईला बीजकोश राखले तरी पाळी जाण्याचा काळ लवकर येण्याची शक्यता वाढते. बीजकोशही काढले असतील, तर हाडं ठिसूळ होणं, हृदयविकार यांचा धोका वाढतो. चाळिशीच्या आत हे झालं, की उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या शिडीवर चढणाऱ्या पायांवर त्याचा परिणाम काय, याचा हिशेब कुठल्याही चाचणीत मांडलेला नाही.

या प्रकरणानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणं बंधनकारक झालं. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच प्रकरणांवर २०१३पासून सर्वोच्च न्यायालयात एक जनहित याचिका पडून होती. तिचा निकाल एप्रिल २०२३मध्ये लागला. विनाकारण होणाऱ्या गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत आणि देखरेख समित्या नेमाव्यात, असा तो आदेश आहे.